पॅडींच्या शिवाजी पार्कात एक शनिवार

२०२५ च्या ४ मार्चला, मंगळवारी, चॅम्पियन्स ट्रॉफीची ऑस्ट्रेलियाबरोबरची सेमीफायनल लावून बसलो होतो, मी आणि बाबा. आपली टीम फील्डिंगला उतरली तर सगळ्यांच्या दंडाला काळी पट्टी. कशासाठी असेल असा विचार करतोय तोवर बाबा म्हणाले, "पॅडीसाठी असणार." मग कॉमेंट्रीत नाव आलंच, पद्माकर शिवलकर, म्हणजे पॅडी, मुंबईचे डावखुरे स्पिनर. आदल्या दिवशी, ३ मार्चला, मुंबईत वारले, ८४ वर्षांचे होते.

बाबा त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या माणसाला आयुष्यात एकदाही इंडियाची टेस्ट कॅप मिळाली नाही त्याच्यासाठी अख्खी इंडियन टीम दुबईत काळी पट्टी लावून खेळतेय, आणि त्या मॅचला टीममध्ये चार स्पिनर, त्यातले जडेजा आणि अक्षर म्हणजे पॅडींसारखेच डावखुरे, बोटांनी बॉल वळवणारे. हे डोक्यातून जाईचना. शेवटी ठरवलं की शनिवारी शिवाजी पार्कला जाऊन यायचं. बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत त्यामुळे ते येणं शक्य नव्हतं, पण जाताना सांगून ठेवलं, "नेट प्रॅक्टिस चालू असली तर मला फोन लाव, व्हिडिओवर दाखव."

पुण्याहून सकाळची डेक्कन क्वीन. घाटात मार्च महिन्यात सगळं करपलेलं असतं, बघण्यासारखं फार नाही, त्यामुळे अख्खा प्रवास फोनवर पॅडींचे जुने स्कोअरकार्ड काढून वाचत होतो. १२४ फर्स्ट क्लास मॅच, ५८९ विकेट, एका विकेटमागे सरासरी १९.६९ रन. नुसती ही सरासरी बघितली तरी कळतं काय दर्जाचा बॉलर होता. आणि १९७२-७३ ची ती रणजी फायनल! मद्रासला, चेपॉकवर, समोर तमिळनाडू, त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमारसारखे स्पिनर, पिच पण स्पिनला साथ देणारं. मुंबई १५१ ला ऑलआऊट. आणि मग पॅडींनी १६ रनमध्ये ८ विकेट काढल्या, तमिळनाडू ८० वर खलास. दुसऱ्या डावात मुंबई ११३, तमिळनाडू ६१, त्यात पॅडींच्या १८ रनमध्ये ५ आणि उरलेल्या पाच एकनाथ सोलकरच्या. म्हणजे मॅचमध्ये ३४ रन देऊन १३ विकेट! तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच बॉलला मॅच संपली. मुंबईचं ते लागोपाठ पंधरावं विजेतेपद.

दादरला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं. पश्चिमेला बाहेर पडलं की आधी फुलांचा वास अंगावर येतो, झेंडूचे ढीग, डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं, त्यातून वाट काढत रानडे रोडने चालत निघालो. बाबा लहानपणी इथेच जवळ एका चाळीत राहायचे, नोकरीसाठी पुण्याला आले ते तिथलेच झाले, पण पावसाळा आला की अजून त्यांना कांगा लीग आठवते. भर पावसाळ्यात चालणारी लीग, ओलं पिच, एका मैदानात चार-चार मॅच, याच्या कव्हरला त्याचा मिडविकेट उभा. शिवाजी पार्क जिमखान्याकडून पॅडी बॉलिंगला आले की बाबा आणि त्यांचे मित्र शाळेचं दप्तर तसंच पाठीवर घेऊन बाउंड्रीला बसायचे. ही गोष्ट मी निदान शंभर वेळा ऐकलीये आणि दर वेळी ते हाताने बॉलचा टप्पा दाखवतात, इथे, इथे, परत इथेच.

पार्कात शिरलो आणि पहिल्यांदा जाणवली ती तांबडी माती. बुटांवर, कट्ट्यावर, झाडांच्या खालच्या पानांवर सगळीकडे लाल थर. आजूबाजूच्या बिल्डिंगमधले लोक या धुळीने वैतागलेले असतात ते बरोबरच आहे, घरात रोज ही धूळ झाडायची म्हणजे चेष्टा नाही. पाच नंबरच्या गेटपाशी सचिनचे कोच आचरेकर सरांचं स्मारक आहे, २०२४ च्या ३ डिसेंबरला, त्यांच्या जयंतीला, सचिनच्या उपस्थितीत अनावरण झालं. सर २०१९ च्या जानेवारीत गेले. तिथे हात जोडले, मग कट्ट्याच्या कडेकडेने अर्धी फेरी मारली. याच मैदानात २०२२ च्या फेब्रुवारीत लतादीदींना निरोप दिला होता, टीव्हीवर बघताना आई किती रडली होती ते आठवलं.

झाडाखाली कट्ट्यावर एक काका बसले होते, सत्तरी पार केलेली, डोक्याला पांढरी टोपी. शेजारी बसलो आणि सरळ विचारलं, पॅडींना बघितलंय का तुम्ही? माझ्याकडे नीट वळले आणि म्हणाले, "बघितलंय म्हणजे? नेटमध्ये खेळलोय त्यांना. म्हणजे उभा राहिलोय, खेळलो असं नाही म्हणता येणार." मग जे सुरू झाले ते तासभर. रन-अप छोटा, अॅक्शन एकदम सुटसुटीत, बॉल हवेत असा लटकायचा की वाटायचं आता पुढे येऊन मारावा, आणि पुढे आलं की तो अलीकडेच पडलेला असायचा. मिलिंद रेगेंचाही विषय निघाला. ते १९ फेब्रुवारीला गेले, म्हणजे पॅडींच्या बाराच दिवस आधी. ऑफस्पिनर, सव्विसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला, तरी परत उभे राहिले आणि मुंबईची कॅप्टनशिपही केली. काका म्हणाले, "पंधरा दिवसांत दोन माणसं गेली रे, आता सकाळी कट्ट्यावर यायला नको वाटतं." मला काय बोलावं कळेना, मी नुसता बसून राहिलो त्यांच्याबरोबर.

मी विचारलं, मग इंडियाकडून का नाही? काकांनी एकच शब्द उच्चारला, "बेदी." तेवढंच. बिशनसिंग बेदी १९६६ ते ७९ टेस्ट खेळले, २६६ विकेट, थोर बॉलर, तेही २०२३ मध्ये गेले. टीममध्ये बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट अशी स्पिनरची चौकडी असताना अजून एका डावखुऱ्या स्पिनरला जागा कुठून मिळणार, आणि पलीकडे हरियाणात राजिंदर गोयलही तसेच थांबलेले, रणजीत ६३७ विकेट घेऊन! पण मला हे कारण समजतं तरी पटत नाही. बेदी एकीकडून आणि पॅडी दुसरीकडून असं एका टेस्टला तरी खेळवून बघायला काय हरकत होती? बोर्डाने २०१७ मध्ये पॅडी आणि गोयल दोघांना एकत्रच सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, चांगलंच केलं, पण तो कॅपच्या जागी पुरा पडत नाही. पॅडी गेल्यावर गावसकरांनीही खंत बोलून दाखवली, की कॅप्टन असताना या दोघांना घ्या हे आपण सिलेक्टर्सना पटवू शकलो नाही. आणि हा माणूस तरीही टाकतच राहिला, १९८७-८८ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांचा असताना, मुंबईने परत बोलावलं तेव्हासुद्धा आला आणि बॉल हातात घेतला. मी चाळिशीचा आहे, त्यामुळे हे मला आतून कळतं.

दुपारी प्रकाश हॉटेलात साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं, बाबांची ऑर्डर होती की माझ्या वाटचं पण खाऊन ये. चार वाजता परत पार्कात. आता नेट्स लागली होती. एका नेटमध्ये दहा-अकरा वर्षांचा मुलगा, डावखुरा, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, बॉल त्याच्या हातात मावतसुद्धा नव्हता. पहिलं बोट शिवणीवर लांब ताणून धरायचा, नखात लाल माती भरलेली, दोन पावलं, आणि सोडला. कोचने क्रीझच्या पुढे गुड लेंग्थवर एक रुमाल पसरून ठेवला होता, त्यावर टप्पा पाडायचा. पहिला बराच बाहेर, दुसरा फुलटॉस, तिसरा रुमालाच्या काठाला लागून धुरळा उडाला.

कोचना विचारलं, वडिलांना दाखवू का, ते पॅडींचे फॅन आहेत. हो म्हणाले, मग पोराच्या मागे जाऊन उभा राहिलो, बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा रुमालावर धरला. बाबांनी चष्मा नाकावर सरकवला आणि फोन एवढा जवळ घेतला की स्क्रीनवर मला त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. सहा बॉल झाले. दोन रुमालावर. शिवनेरी साडेपाचची होती आणि एशियाड बस स्टँडपर्यंत चालत जायचं होतं, म्हणून म्हटलं बाबा, निघू का आता? तर म्हणाले, "थांब रे, अजून एक ओव्हर बघू दे."