दोन 'न्यू व्हॉल्यूम' आणि एक कुलूप

माझ्या पीसीवर आत्ताआत्तापर्यंत चार ड्राइव्ह दिसायचे आणि त्यातल्या दोघांचं नाव एकच, 'न्यू व्हॉल्यूम'. एक आतल्या डिस्कचा, एक बाहेरून लावायच्या बॅकअपचा. नाव बदलायचा आळस, दुसरं काय. मग एका रात्री डुलक्या खात जागा रिकामी करायला बसलो, एक जुनं फोल्डर शिफ्ट-डिलीटने, म्हणजे रिसायकल बिनमध्येही न जाता, उडवलं आणि सकाळी कळलं की ते बॅकअपवरचं उडवलंय. मूळ फाइली जागेवर होत्या म्हणून वाचलो, पण पोटात गोळा यायचा तो आलाच.

त्याच दिवशी सगळ्यांचं बारसं केलं. विंडोजमध्ये ड्राइव्ह सिलेक्ट करून एफ-टू दाबायचं आणि नाव टाइप करायचं, बस. ड्राइव्ह एनटीएफएस या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर ३२ अक्षरं मावतात आणि मराठी नावही बिनधास्त चालतं. गंमत झाली पेनड्राइव्हवर, तो एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटचा, तिथे मर्यादा ११ ची. मी 'लग्नाचे फोटो' टाकायला गेलो तर घेईना. वाचताना पाचच अक्षरं वाटतात ना? पण कॉम्प्युटर काना, मात्रा, पाय मोडायचं चिन्ह, मधली जागा, सगळं वेगवेगळं मोजतो, ते झाले १२. शेवटी 'लग्न फोटो' वर भागवलं, नऊ.

ड्राइव्हचं अक्षरही बदललं, म्हणजे सी, डी वगैरे. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट टूलमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक केलं की ड्राइव्ह लेटर बदलायचा ऑप्शन येतो. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीच्या जमान्यापासून राखीव असल्यासारखी पडून असतात, आता फ्लॉपी कुठेय, म्हणून बॅकअपला सरळ बी दिलं. मात्र ज्या ड्राइव्हवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलंय त्याचं अक्षर बदलू नका, शॉर्टकट आणि सेटिंग जुनाच पत्ता शोधत बसतात. आणि सी ला तर हातच लावायचा नाही.

मग आयकॉन, खरा वेळ इथे गेला. ड्राइव्हमध्ये अगदी वरच्या पातळीवर, कुठल्याही फोल्डरच्या आत नाही, ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवायची, पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ऑटोरन, दुसरीत आयकॉन, बरोबरचं चिन्ह आणि शेजारीच ठेवलेल्या आयको (आयकॉनच्या चित्राची) फाइलचं नाव, मग ड्राइव्ह काढून परत लावायचा. माझं काही केल्या दिसेना. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की नोटपॅडने गुपचूप शेवटी टीएक्सटी जोडलं होतं आणि एक्स्टेंशन (नावाच्या शेवटचा फाइलचा प्रकार) लपवलेलं असल्यामुळे मला ते दिसतच नव्हतं! दुसरी चूक माझीच, पीएनजी चित्राचं नुसतं नाव बदलून आयको केलं होतं. तसं नाही चालत, नीट कन्व्हर्टच करायला लागतं आणि त्यात १६ पासून २५६ पिक्सेलपर्यंत वेगवेगळे साइझ असले तर बरं.

या ऑटोरन फाइलचं नाव ऐकून काहीजण दचकतील, कारण २००८ चा कॉन्फिकर वर्म (आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवरून याच फाइलच्या आधाराने पसरायचा. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू करणं बंद केलंय, आयकॉन आणि नाव तेवढं अजून वाचलं जातं. तरी अँटीव्हायरसने कुरकुर केली तर नवल नाही.

फाइल ड्राइव्हवरच असल्याने दुसऱ्या विंडोज मशीनला लावला तरी आयकॉन सोबत जातो. फक्त आपल्याच पीसीवर हवा असेल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, 'ड्राइव्ह-आयकॉन्स' नावाची नोंद बनवता येते, पण ती चिकटते अक्षराला, डिस्कला नाही, म्हणजे उद्या तेच अक्षर दुसऱ्या पेनड्राइव्हला मिळालं की त्याच्या डोक्यावर तुमचा आयकॉन. मला ते नको होतं.

बॅकअपला मी लाल कुलूप ठेवलंय. मोठ्या आयकॉनमध्ये झकास दिसतं, पण लिस्ट व्ह्यूमध्ये १६ पिक्सेलला ते कुलूप कमी आणि लाल हँडबॅग जास्त वाटतं. असू दे, आता हँडबॅगमधलं काही डिलीट करायचं नाही एवढं पाठ झालंय.