काकू, हिला खेळायला पाठवता का?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शिक्षकांवर, निकालांवर, स्नेहसंमेलनांवर पुष्कळ जण लिहितील. मी लिहिणार आहे ते शाळा सुटल्यानंतरच्या मैदानाबद्दल. माझं निम्मं शिक्षण तिथंच झालं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. गल्लीत बरीचशी पद्मशाली विणकरांची घरं, त्यांची बोली तेलुगू. काही घरं कानडी, थोडी आमच्यासारखी मराठी. दिवसभर यंत्रमागांची खडखड चालू. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला की दुपारी दार उघडायची सोय नसे. पण उन्हं कलली की घराघरातून एकच हाक यायची. आमची आई म्हणायची, "जा बाई खेळायला, डोकं उठवू नकोस." शेजारी "पो, आडुको", समोरच्या घरी "आडाक होगु". भाषा तीन, सांगणं एकच. कुणाबरोबर, कुठं, किती वेळ, हे कुणी विचारत नसे. दिवेलागणीला घरी यायचं, एवढीच अट.

आणि मुलांचंही एक ठरलेलं वाक्य होतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं, "काकू, हिला खेळायला पाठवता का?" माझ्या जिवलग मैत्रिणीकडे उत्तर ठरलेलं असायचं: आधी पानं कापून होऊ देत. तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची. मैत्रीण ओलसर तेंदूच्या पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं भराभर कापायची. मीही शेजारी बसून पानांच्या शिरा काढून द्यायचे, म्हणजे ती लवकर सुटायची. तिच्या वाट्याला आलेला खेळ असा कामातून सोडवून घेतलेला असे, हे मला फार उशिरा कळलं.

मैदानावर मुलं विटी-दांडू खेळायची. "वकट, लेंड, मूंड, नाल" असं मोजताना माझी ही मैत्रीण एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे, ही तर आमची गणती! ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु." आम्ही सगळे थक्क झालो. मराठी पोरं पिढ्यान्‌पिढ्या खेळताना तेलुगूत मोजत होती, आणि ते आम्हाला सांगितलं आमच्याच एका भिडूनं.

सगळंच छान होतं असं मी म्हणणार नाही. मुलगे अंधार पडेपर्यंत मैदानात राहायचे. आम्हा मुलींना सातवी-आठवीनंतर "आता पुरे झालं खेळणं" ऐकावं लागे. खो-खोच्या संघात निवड झाल्यावर बाई स्वतः घरी येऊन आईशी बोलल्या, म्हणून मी आणखी दोन वर्षं खेळले. त्या दोन वर्षांचं ऋण मी विसरलेले नाही.

माझी मुलगी लहान होती तेव्हा आयांचं बोलणं बदललेलं होतं. "हिला शिबिराला घातलंय", "त्याला स्केटिंगला टाकलंय." मुलं खेळायला जात होती, ती आता घातली जाऊ लागली. आज ती मुलगी पुण्यात राहते, आणि तिच्या फोनवर निरोप येतात, "शनिवारी चार ते सहा प्लेडेट ठेवू या का? पिकअप कोण करेल?" मी तिला दोष देत नाही. सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की गाड्यांचा लोंढा, घरात दोघंही नोकरीवर; ठरवल्याशिवाय मुलं एकमेकांना भेटणार तरी कशी? पण या ठरवाठरवीत मुलांनी स्वतः दार वाजवून विचारायची वेळच येत नाही, आणि हे मला मनापासून सलतं. नकार ऐकणं, वाट पाहणं, शेजारच्या काकूंशी दोन शब्द नीट बोलणं, लिंबू-टिंबूला सांभाळून घेणं, हे सगळं आम्ही त्या दारात आणि मैदानात शिकलो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. टीव्हीसमोर माझे डोळे भरून आले. नातवानं विचारलं, "आजी, याचा क्लास कुठं असतो?" मी त्याला सुट्टीत सोलापूरला आणलं, थेट आपल्या मैदानावर. पण शाळा सुटून गेली होती आणि फाटकाला कुलूप होतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान असावं, असं म्हटलं आहे. आपल्याकडे ते आहे, आणि चांगलं मोठं आहे. शाळेच्या संचालक मंडळाला माझी हात जोडून विनंती आहे, की रोज संध्याकाळी दोन तास हे फाटक आसपासच्या सगळ्या मुलांसाठी उघडं ठेवावं. आपल्या शाळेच्या आणि इतर शाळांच्याही, मुलग्यांसाठी आणि मुलींसाठीही. पहिल्या वर्षीचा चुन्याचा, खो-खोच्या खांबांचा आणि राखणदाराच्या पगाराचा खर्च आमची १९८६ ची दहावीची तुकडी उचलायला तयार आहे. तसं पत्र आम्ही मुख्याध्यापकांकडे दिलेलं आहे.