सगळेच ऑरेलियस

आडनावाचा रुबाब ते मोजक्या घरांत असतं तोवरच. प्राचीन रोममध्ये ऑरेलियस हे असंच एक वजनदार कुलनाव होतं, आणि मार्कस ऑरेलियस या तत्त्वज्ञ सम्राटामुळे तर त्याची पत फारच वाढली. मग आफ्रिकेतून आलेल्या सेप्टिमियस सेव्हेरसनं गादी मिळवली आणि इ. स. 195 मध्ये जाहीर करून टाकलं की, आपण मार्कस ऑरेलियसचे दत्तक पुत्र! दत्तक घेणारा वारून पंधरा वर्षं झाली होती. नाही म्हणणार कोण? थोरल्या मुलाचंही नव्यानं बारसं झालं, बॅसियानसचा मार्कस ऑरेलियस अँटोनायनस झाला. लोक मात्र पुढं अंगातल्या झग्यावरून त्याला कॅराकॅलाच म्हणू लागले.

याच कॅराकॅलानं 212 मध्ये साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, रहिवाशांना नागरिकत्व दिलं. कॅसियस डिओ हा त्या काळातलाच इतिहासकार. त्याच्या मते हे औदार्य नव्हतं, वसुली होती. वारसा कर नागरिकांनाच लागे आणि तोही याच बाबानं पाचाचा दहा टक्के केला होता. नवा नागरिक नागरिकत्व देणाऱ्याचं कुलनाव लावी. म्हणजे उसनं आणलेलं नाव आता घाऊक वाटलं गेलं. इजिप्तमधल्या पपायरसवरचे, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचे, दस्त पाहावेत, तर गहाणखतात, भाडेकरारात, तक्रार-अर्जात जो तो ऑरेलियस, बायका ऑरेलिया. कारकून तर कित्येकदा नुसतं ‘ऑर.’ लिहून मोकळे होत. आपल्याकडे निदान ‘कुठले जोशी?’ असं विचारायची सोय आहे.

पुढच्या शतकातला संत ऑगस्टीन घ्या. जन्म 354 चा, आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावचा, नंतर हिप्पो शहराचा बिशप. त्याचं नाव परंपरेनं ऑरेलियस ऑगस्टिनस असं सांगतात. वडील छोटे जमीनदार. पैशाअभावी पोराचं शिक्षण वर्षभर अडलं होतं. त्या घरात हे नाव आलं ते बहुधा 212 च्या वाटपातूनच. 387 मध्ये मिलानला त्याचा बाप्तिस्मा केला तो बिशप अँब्रोझ, बड्या सरकारी घराण्यातला. तोही ऑरेलियस अँब्रोसियस. आणि ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतल्याच कार्थेज शहराच्या ज्या बिशपला पत्रं लिही, त्याचं तर नावच ऑरेलियस. तिघे एकमेकांचे भाऊबंद असतील, असं कुणाच्या मनातही येत नाही.

ऑरेलियस गळून पडला, ऑगस्टीन टिकला. त्याच्या नावाच्या संघाचे पाद्री थेट गोव्यात आले. जुन्या गोव्यातला त्यांच्या चर्चचा 46 मीटरचा जांभ्या दगडाचा पडका मनोरा आजही लोक ऑगस्टीनचाच म्हणतात. त्याच गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं नाहीतर पाद्र्याचं आडनाव गावच्या गावांना मिळालं. तिथं नुसतं फर्नांडिसांचं घर विचारलंत, तर समोरचा आधी तुमच्याकडेच बघेल, आणि मग त्या घराचं टोपणनाव विचारेल.