दाढेचा ठणका आणि बीपीची गोळी

दाढ नेमकी शनिवारी रात्रीच का ठणकते, देव जाणे. खालच्या डाव्या दाढेतलं सिमेंट कधीचंच पडलं होतं. गार पाणी प्यायलं की सणक यायची आणि जायची. त्या रात्री मात्र कढत चहाचा घोट घेतला आणि कानापासून हनुवटीपर्यंत कळ गेली, ती थांबेचना. आडवं झालं की ठणका वाढायचा, म्हणून उशांना टेकून बसून राहिले.

मला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. घरात आयबुप्रोफेनची गोळी होती, दातदुखीवर ती चांगली लागूही पडते. पण टेल्मिसार्टनसोबत ती किडनीवर ताण आणते आणि बीपीही वाढवू शकते. म्हणून आधी नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. "पॅरासिटामॉल साडेसहाशेची घ्या. सहा तासांनी एक, दिवसभरात चारच्या वर नाही. आणि वर सर्दीची गोळी घेऊ नका, तिच्यातही बहुतेक वेळा हेच असतं." गोळीची वेळ मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहीत गेले. अर्धवट झोपेत आणि ठणक्यात दोन तासांपूर्वीची गोळीही आठवत नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंचं लवंगेचं तेल कामी आलं: कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब, तोही दाढेच्या खड्ड्यातच, कारण हिरडीला लागलं तर पोळतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, अ‍ॅस्पिरिन दाढेत धरून ठेव. त्याने हिरडी भाजते, म्हणून नुसतं हो म्हटलं. मेडिकलवाला तर न विचारताच अँटिबायोटिकची स्ट्रिप काढून मोकळा! सूज नाही, ताप नाही. नस सुजल्याची कळ अँटिबायोटिकने जात नाही. चेहरा सुजला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र सोमवारची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सोमवारी एक्स-रे काढला. कीड नसेपर्यंत पोचलेली, रूट कॅनलला पर्याय नाही. जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन दिलं. ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली, तरी ड्रिल लागताच मी खुर्चीतून उडाले. डेंटिस्टबाई शांतपणे म्हणाल्या, "सुजलेल्या नसेवर भूल नीट चढत नाही, खालच्या दाढांना तर जास्तच. दुखलं की डावा हात वर करा, मी थांबते." दाढेच्या कडेने आणखी भूल टोचली, आणि मग नुसता खरखराट ऐकू येत राहिला. घरी जाताना त्यांनी बधिरपणा उतरेपर्यंत काही चावू नका म्हणून सांगितलं. गाल चावला गेला तरी कळत नाही.

पुढचे काही दिवस चावताना दुखलं, पण रात्रीची झोप परत आली. कॅपचा खर्च ऐकून मी जरा कुरकुरले. पण इतकी पोखरलेली दाढ कॅपशिवाय चिरते, आणि उभी चिरली तर काढावीच लागते, म्हणून बसवून घेतली.