पाण्याच्या भांड्याखालची ओल

श्रावण. दुपारी थोडी उघडीप.

झड लागली की कोंबडीची तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख ढिले सोडून कोपऱ्यात गोळा होतात आणि शिटेत रक्त दिसू लागतं. गेल्या खेपेला औषधाने बरी झाली, मग रक्ती हगवण परत आली कुठून? माझ्या मते बहुतेक वेळा ती पाण्याच्या भांड्याखालून येते.

हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीचा. शिटेतून त्याच्या पुटी, म्हणजे कवचातली अंड्यासारखी रूपं, बाहेर पडतात. पडल्या पडल्या त्या निरुपद्रवी असतात. ओल, हवा आणि २५ ते ३० अंश उष्णता मिळाली की एकदोन दिवसांत लागण करण्याजोग्या होतात. पिल्लाने त्या टिपल्या की आठवडाभरात त्याच्या शिटेतून हजारोंनी नव्या. मोठ्या कोंबड्या ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या शिटेतूनही त्या पडतच असतात.

आज भांडं उचलून पाहिलं तर खाली अंथरलेल्या तुसाची ओली चकती निघाली, वरून पापुद्रा धरलेली, आत काळपट. तूस मुठीत दाबावं. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. मूठ उघडताच सुटला तर ठीक. ओला भाग खरवडून खुराड्यापासून लांब टाकायचा, नवं कोरडं तूस दोनतीन इंच पसरायचं आणि रोज खालीवर करायचं. भांडं विटांवर, खाली जाळी, काठ पिल्लांच्या पाठीच्या उंचीला. वाढत्या पिल्लांबरोबर वीट वाढवावी लागते, आणि नेमकं तेच राहून जातं. फिनेल शिंपडून या पुटी मरत नाहीत. कोरडेपणा आणि कडक उष्णता त्यांना मारते. म्हणून तूस काढल्यावर फरशीवर उकळतं पाणी ओतून ती पूर्ण वाळू द्यावी.

औषध अॅम्प्रोलियम. २० टक्के पावडर असेल तर जोराच्या लागणीत लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस; मग ०.३ ग्रॅम, एक ते दोन आठवडे. पाणी रोज ताजं कालवायचं. पावसात पिल्लं डबक्यातलं पाणी पितात आणि औषध पोटात जातच नाही, म्हणून तेवढे दिवस त्यांना कोंडूनच ठेवावं. आणखी एक घोळ नेहमी होतो: अशक्तपणा दिसला म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्स. अॅम्प्रोलियम परजीवीला त्यातलं बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच त्याचं काम चालतं. वरून बी-१ घातलं तर औषध पांगळं होतं. जीवनसत्त्वं नंतर द्यावीत. के जीवनसत्त्व मात्र चालतं.

दर तपकिरी शिटेला घाबरू नये. आंधळ्या आतड्यातून (आतड्याच्या एका टोकाला बंद असलेल्या फाट्यातून) मधूनमधून येणारी चिकट, गडद तपकिरी शीट निरोगी कोंबडीचीच असते. लालभडक रक्त, फिका तुरा आणि सुस्ती एकत्र दिसली तर ताजी शीट डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. मेलेलं पिल्लू असेल तर तेही. ते फाडल्यावर आंधळी आतडी रक्ताने फुगलेली दिसली की निदान जवळपास पक्कं होतं.

पुटी शून्यावर आणायचा हट्ट मला पटत नाही. थोड्या थोड्या पोटात गेल्या तर पिल्लं प्रतिकारशक्ती कमावतात, पण ती त्या त्या जातीच्या आयमेरियापुरतीच. बाहेरून आणलेल्या कोंबडीबरोबर आयमेरियाची दुसरी जात आली की जुना कळपही आजारी पडतो. त्यामुळे नव्या कोंबड्या तीनचार आठवडे वेगळ्या, आणि दाणा-पाणी देताना त्यांची पाळी शेवटी.