बटण दाबल्यावर उरलेले 271 व्होल्ट

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना बेळगावजवळच्या येळ्ळूरहून फोन आला. घरावरचे सोलर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद पडते, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते, आणि ज्याने ते बसवले तो कंत्राटदार आता फोन उचलत नाही, अशी तक्रार होती. घर माझ्या ओळखीचे होते, कारण त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर, म्हणजे थोरल्या भावाच्या वाटणीच्या छपरावर, 2024 च्या दिवाळीनंतर मीच 3 किलोवॅटची यंत्रणा बसवली होती. फोन धाकट्याचा होता. वाटणीनंतर दोघा भावांत बोलणे नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक होते. इन्व्हर्टर कुठल्या भिंतीवर लावायचा एवढ्या प्रश्नासाठीही मला दोन वेगवेगळ्या दारांतून आत जावे लागले होते.

थोरल्याचा अर्धा भाग अजून मंगलोरी कौलांचा आहे. खाली लाकडी वासे आणि माळ्यावर जनावरांसाठी भाताचे पिंजर रचलेले असते. त्यांचा मुलगा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत विजेचेच काम पाहतो. पिंजरावर डीसीच्या तारा नेणार असाल तर प्रत्येक पॅनेलमागे आरएसडी (रॅपिड शटडाउन डिव्हाइस) लावा, नाहीतर सोलरच नको, असे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते. आपल्याकडे घरगुती यंत्रणेत हे उपकरण क्वचितच दिसते, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. वीज गेली किंवा मेन स्विच पाडला, तर इन्व्हर्टर थांबतो आणि प्रवाह शून्य होतो. पण पॅनेलवर ऊन आहे तोवर छपरापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांवर विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) तसाच राहतो. आग लागली तर पाणी मारणाऱ्या माणसाला त्या तारांचाच धोका असतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेत 2014 साली यासाठी रॅपिड शटडाउनची अट आली आणि 2017 च्या आवृत्तीने ती थेट पॅनेलपर्यंत नेली. बटण दाबल्यापासून 30 सेकंदांत पॅनेलच्या क्षेत्राबाहेरच्या तारांवर 30 आणि आतल्या तारांवर 80 व्होल्टपेक्षा जास्त दाब राहता कामा नये, असे तिथे बंधन आहे.

हे साधण्यासाठी प्रत्येक पॅनेलमागे एक डबी असते आणि इन्व्हर्टरजवळ एक ट्रान्समीटर असतो. डीसीची एक तार ट्रान्समीटरच्या फेराइटच्या कड्यातून जाते आणि त्याच तारेवरून ट्रान्समीटर ‘मी आहे, मी आहे’ असा सिग्नल सतत पाठवत राहतो. सनस्पेक मानकाच्या उपकरणांत त्याची वारंवारता सुमारे 131 आणि 144 किलोहर्ट्झ असते. सिग्नल ऐकू येतो तोवर डबी पॅनेल जोडलेले ठेवते. तो थांबला की तोडते. म्हणजे बटण दाबल्यावर कोणताही आदेश वर जात नाही, फक्त सिग्नल गप्प होतो. आमच्या बनावटीत पॅनेल तोडल्यावरही डबी 0.6 व्होल्ट सोडून ठेवते, आणि तपासणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. सहा पॅनेल असतील तर मीटरवर 3.6 यायला हवेत. 3.0 आले, तर एक डबी मेलेली आहे हे छपरावर न चढता कळते.

मी सकाळी साडेदहाला पोहोचलो. धाकट्याच्या स्लॅबवर 540 वॅटची चार पॅनेल होती. 2 किलोवॅटला 60,000 रुपये अनुदान मिळते, म्हणून तेवढीच घेतली असे त्यांनी सांगितले. मात्र आण्णाच्या घरात आहे ते सगळे आपल्याकडेही हवे म्हणून त्या चार पॅनेलांनाही आरएसडी लावून घेतले होते. मी इन्व्हर्टरमधल्या नोंदी उघडल्या. गावात ट्रान्सफॉर्मर दूर असला की दुपारी दाब वाढून इन्व्हर्टर ग्रिडपासून (वीज कंपनीच्या लाइनपासून) तुटतो, हे नेहमीचे दुखणे आहे आणि मी मनात तेच धरून आलो होतो. पण नोंदींत ग्रिडचा दोष एकदाही नव्हता. प्रत्येक वेळी डीसी दाब कमी झाल्याची नोंद होती, आणि तीही भर उन्हाच्या वेळांना. म्हणजे पॅनेल आपणहून तुटत होती. एखादा कनेक्टर ढिला असेल किंवा दोन वेगळ्या बनावटींचे कनेक्टर एकमेकांत बसवले असतील, असे वाटून मी स्लॅबवर गेलो. क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य झाल्याची खात्री करून सगळ्या जोडण्या एकेक पाहिल्या, कारण चालू प्रवाहात डीसीचा कनेक्टर ओढला तर त्यात जी ठिणगी पेटते ती एसीसारखी आपोआप विझत नाही. सगळे ठीक होते.

खाली आलो तेव्हा धाकटे जरा ओशाळून म्हणाले, “काल दिवसभर बंद पडूलालं होतं, आणि आज सकाळपासनं एकदा सुद्धा नाही बघा.”

तपासणारा आला की दोष लपतो, हा आमच्या धंद्यातला जुना वैताग आहे, आणि मी तेवढ्यावरच ते सोडून दिले असते. पण त्याच वेळी भिंतीपलीकडून कौलांचा खडखडाट ऐकू आला. पावसात फुटलेली कौले बदलण्यासाठी थोरल्यांनी माणूस लावला होता आणि तो नेमका पॅनेलच्या खालच्या ओळीत हात घालत होता. मी बोळातून त्यांच्या सोप्यात गेलो. थोरले काका खुर्चीवर निवांत बसलेले होते. मला पाहून ते म्हणाले, “सकाळीच लाल बटण दाबलंय. तुम्हीच सांगितलं होतं की, बटण दाबलं की वर कायबी राहत नाही म्हणून.”

मी ते खरोखरच सांगितले होते. बटणाने त्यांच्या इन्व्हर्टरचा एसी पुरवठा आणि ट्रान्समीटर दोन्ही एकदम बंद होतात. तेवढ्यात माझी नजर इन्व्हर्टरकडे गेली. त्याच्या पडद्यावर उजेड होता आणि ‘ग्रिड नाही’ अशी सूचना दिसत होती. वाचणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र घाम फुटला. या इन्व्हर्टरचा पडदा पॅनेलच्या विजेवर चालतो. एसी बंद असेल आणि पॅनेलही खरोखर तुटलेली असतील, तर तो काळा पडायला हवा होता.

मी बाहेर येऊन त्या माणसाला आधी खाली उतरवले. डीसी आयसोलेटरच्या (पॅनेलच्या तारा इन्व्हर्टरपासून तोडणाऱ्या स्विचच्या) टोकांवर मीटर लावला तर 271 व्होल्ट. सहा पॅनेल उन्हात तापलेली आणि मोकळी, म्हणजे प्रवाह न देणारी, असताना जेवढे यावेत, नेमके तेवढे. कनेक्टर आणि तारांचे आवरण शाबूत असेल तर नुसता हात लागून काही होत नाही, हे खरे. पण फुटक्या कौलाच्या धारेने तार सोलली गेली असती आणि तिथे ओला हात पडला असता, तर मी शिकवलेल्या वाक्यावर विश्वास ठेवूनच तो पडला असता.

ट्रान्समीटर बंद होता, हे मी दोनदा पाहिले. मग डब्यांना सिग्नल कोण देत होते? सहाच्या सहा डब्या एकाच वेळी चिकटून खराब होणे जवळपास अशक्य असते. त्यामुळे सिग्नल दुसरीकडून येत होता, एवढेच शिल्लक राहिले. मी मधल्या भिंतीवरच्या पाइपाचे झाकण उघडले. मी 2024 साली दोन तारांसाठी ऐसपैस पाइप टाकला होता. त्यात आता चार तारा होत्या. धाकट्याच्या कंत्राटदाराला आयता रस्ता मिळाला होता आणि त्याने आपल्या तारा त्यातूनच ओढून शेजारी शेजारी बांधल्या होत्या. पुढे पॅनेलखालीही काही अंतर दोन्ही जोड्या एकाच पट्टीवरून गेल्या होत्या.

मी धाकट्यांकडे जाऊन त्यांचे बटण दाबायला सांगितले. आज चांगले चालले आहे ते कशाला बंद करायचे, म्हणून ते कां-कूं करत होते, पण शेवटी त्यांनी दाबले. मी इकडे मीटर धरून बसलो होतो. आठ-दहा सेकंद 271 तसेच राहिले, मग आकडे घसरत गेले आणि 3.6 वर येऊन थांबले. पडदा काळा झाला. बटण सोडताच पुन्हा 271. आम्ही हे तीनदा केले, आणि तिन्ही वेळा सूचना भिंतीपलीकडे पोहोचवण्यासाठी मीच ओरडत होतो.

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच होते. दोन्ही ट्रान्समीटर चालू असताना त्यांचे सिग्नल एकमेकांच्या तारांत उतरत आणि एकमेकांत मिसळून बिघडत. चारच पॅनेलांच्या, कमजोर सिग्नलच्या धाकट्या यंत्रणेला ते सोसत नसे आणि ती तुटत असे. थोरल्यांचा ट्रान्समीटर बंद असला की धाकट्याची यंत्रणा सुरळीत चाले, आणि तिचाच सिग्नल थोरल्यांच्या डब्यांना जागे ठेवी. मी बसवल्या दिवशी केलेली चाचणी खोटी नव्हती, तेव्हा शेजारी दुसरी यंत्रणाच नव्हती. धाकट्यांच्या कंत्राटदारानेही आपली चाचणी केली असेल. पण ती बहुधा आयसोलेटर पाडून केली असावी. आयसोलेटर उघडला की सिग्नल फिरण्याचा मार्गच तुटतो आणि सगळे ठीक दिसते. मीही आजवर कित्येक ठिकाणी तसेच तपासले आहे.

त्या दिवशी मी दोन्ही आयसोलेटर पाडून, मीटरवर 3.6 पाहून, मगच कौलांचे काम पुढे होऊ दिले. दुसऱ्या दिवशी धाकट्यांच्या तारा वेगळ्या पाइपातून नेल्या. थोरल्यांची बाजू सुधारली, पण पॅनेलखालच्या पट्टीवर अंतर ठेवायला जागाच नव्हती आणि धाकट्यांची यंत्रणा अजून अधूनमधून तुटत होती. शेवटी उपाय एकच उरला, तो म्हणजे एक ट्रान्समीटर आणि त्याला दोन कडी, प्रत्येक घरासाठी एक. सिग्नल एकच असला तर तो स्वतःशी भांडत नाही. पण मग ट्रान्समीटरला वीज कोणाच्या मीटरवरून द्यायची? काही वॅटांचा प्रश्न होता, महिन्याला चहाचेही पैसे होत नाहीत. थोरले म्हणाले, माझ्याकडून घ्या. धाकटे म्हणाले, “त्यांच्या लाईटवर माझं घर चालायला नको.” आणि त्यात तांत्रिक तथ्यही होते, कारण थोरल्यांचा एमसीबी पडला की धाकट्यांचे सोलर विनाकारण थांबले असते.

तोड थोरल्यांच्या मुलाने काढली. मागच्या अंगणातली विहीर वाटणीत गेलेली नाही. तिच्या पंपाला वेगळा घरगुती मीटर आहे आणि हेस्कॉमचे (इथल्या वीज कंपनीचे) ते बिल दोघे अर्धे अर्धे भरतात. ट्रान्समीटर त्या मीटरवर, स्वतंत्र एमसीबी लावून, जोडला. त्या फेजची वीज गेली तर दोन्ही घरांचे सोलर थांबेल, हे मी दोन्ही दारांत जाऊन वेगवेगळे सांगितले आणि दोघांनीही मान डोलावली. बटणाची लाल पेटी बोळात, बाहेरून हात पोहोचेल अशी लावली. तिच्यावर सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून घेतली, कारण बेळगावहून बंब आला तर येणारा माणूस कोणती भाषा आधी वाचेल ते सांगता येत नाही. कन्नडमध्ये धोक्याला ‘अपाय’ म्हणतात, तेवढा शब्द दोन्हीकडे चालून गेला. पेटीच्या झाकणाच्या आत मार्करने दोन आकडे लिहिले: बटण दाबल्यावर थोरले घर 3.6, धाकटे घर 2.4, आयसोलेटर चालू ठेवून मोजलेले.

दिवाळीच्या आधी धाकट्यांचा पुन्हा फोन आला. सोलर बंद पडले होते. मी धास्तावून विचारले, नोंद काय दाखवते? ते म्हणाले, “नोंद कसली ओ, आण्णानं मला न सांगता बटण दाबलंय. तुम्ही जरा त्यांना फोन करून सांगा की.”