तुम्ही विचारलंत म्हणून: राजकारण, रेन्वार आणि रॉक

चालू राजकारण, जुना फ्रेंच सिनेमा आणि रॉक संगीत या तीन विषयांवर मी सतत बोलत असते, त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो: या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय? काहीजण पुढे विचारतात की राजकारणावर एवढं डोकं खपवता, मग निदान सिनेमा बघताना आणि गाणी ऐकताना तरी ते बाजूला का ठेवत नाही?

ठेवता येत नाही, कारण माझ्यासाठी या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत आहेत. ही खोली खरोखरची आहे. लंडनमधला ऑलिंपिक हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, जून १९६८.

आदल्या महिन्यात पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, कामगार संपावर गेले होते, आणि गोदार, त्रुफो वगैरे फ्रेंच दिग्दर्शकांनी कानचा चित्रपट महोत्सव मध्येच बंद पाडला होता. त्यानंतर गोदार लंडनला आला. रोलिंग स्टोन्स हा इंग्लिश रॉक बँड एक नवं गाणं बसवत होता, तिथे त्याने कॅमेरा लावला. त्यातून ‘वन प्लस वन’ हा सिनेमा झाला. गाणं होतं ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’.

सुरुवातीला हे गाणं अगदीच वेगळं आहे. ॲकूस्टिक गिटारवरचं, संथ, लोकगीताच्या वळणाचं. गायक मिक जॅगर गातो, इतर साथ धरतात, आणि गाणं जागचं हलत नाही. ड्रमवर चार्ली वॉट्स एक ठेका धरतो, तो सोडून दुसरा धरतो. गिटारवादक कीथ रिचर्ड्स बास गिटार हातात घेतो. मग काँगा नावाचे हाताने वाजवायचे ढोल येतात, ब्राझीलच्या सांबा नाचाच्या अंगाने लय पळायला लागते, आणि त्याच ओळी एकदम अंगावर येतात. पुढे सगळे एका मायक्रोफोनभोवती गोळा होऊन तो प्रसिद्ध ‘हू हू’चा कोरस म्हणतात. गोदारचा कॅमेरा या सगळ्याभोवती सावकाश फिरत राहतो. जो गातोय त्याला सोडून तो खुशाल गप्प बसलेल्या माणसाकडे जातो. पार्टिशनच्या आड ब्रायन जोन्स एकटाच गिटार छेडत बसलेला दिसतो. हा बँड त्याने उभा केला होता. आता त्याच्याकडे फारसं कुणी बघतही नाही. पुढच्या वर्षी जुलैमध्ये तो गेला.

याच दिवसांत, ६ जूनला, अमेरिकेतले नेते रॉबर्ट केनेडी यांचा मृत्यू झाला. आदल्या दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. गाण्यात त्यांचे भाऊ, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येचा उल्लेख आधीपासून होता. ती ओळ बदलावी लागली: एका केनेडीचे दोन केनेडी झाले. बाहेर घडलेलं राजकारण बनत असलेल्या गाण्यात असं शिरलं. आता यातून राजकारण वेगळं काढून दाखवा, असं मी विचारणाऱ्यांना सांगते.

राजकारणातही मला हेच बघायचं असतं, एखादी गोष्ट घडत असताना. आज आपल्यासमोर येते ती फक्त तयार घोषणा. विधेयक समितीत गेलं, एका कलमावर तासन्‌तास वाद झाला, विरोधकांनी सुचवलेली दुरुस्ती सरकारने स्वीकारली, ही माझ्या मते लोकशाहीतली सर्वांत महत्त्वाची बातमी आहे आणि तिला सर्वांत कमी जागा मिळते. समितीकडे न पाठवता, चर्चेला पुरेसा वेळ न देता कायदा मंजूर झाला की मला तो संशयास्पद वाटतो, मग तो माझ्या आवडीचा का असेना. आणि खुर्चीसाठी कोलांटउडी मारणारा नेता व समोरच्याचं म्हणणं पटल्यामुळे भूमिका बदलणारा नेता, या दोघांना आपण एकाच मापाने मोजतो, याचा मला खरोखर राग येतो. फरक ओळखणं अवघड नाही. दुसरा कारण सांगतो, आणि आधी आपण काय म्हणत होतो ते लपवत नाही.

त्याच सिनेमात एक प्रसंग आहे. रानात एक तरुणी फिरतेय, मुलाखत घेणारा मागे मागे चालत तिला लांबलचक प्रश्न विचारतोय. संस्कृती, क्रांती, सगळं काही. ती फक्त हो किंवा नाही म्हणते. तिचं नाव ‘ईव्ह डेमोक्रसी’. कोणत्याही वाहिनीवरची रात्रीची चर्चा लावा: निवेदक पाच वाक्यांचा प्रश्न करतो आणि शेवटी बजावतो, हो की नाही तेवढंच सांगा. १९६८ सालीच गोदारने हे नेमकं पकडलं होतं.

मात्र त्याच्या सिनेमातले उघड राजकीय भाग मला आवडत नाहीत. मोडक्या गाड्यांच्या ढिगाऱ्यात माणसं हातात बंदुका घेऊन क्रांतीचे उतारे वाचतात. त्यातलं बरंचसं मला मान्य आहे, तरीही ते निर्जीव वाटतं. स्टुडिओतली पाच माणसं एका ठेक्यासाठी झगडताना दिसतात, त्यात मला जास्त राजकारण दिसतं.

जुना फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वार, त्याच्याकडे मी वळते ती याच कारणासाठी. त्याचा ‘रूल्स ऑफ द गेम’ जुलै १९३९ मध्ये पडद्यावर आला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि लोकांचं मनोधैर्य खचवणारा म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली. वरवर बघितलं तर त्यात आहे काय? एका हवेलीत जमलेले श्रीमंत पाहुणे, त्यांचे नोकर, शिकार, लफडी. पण नोकरांच्या पंगतीतला तो प्रसंग बघा. जेवता जेवता मालकाच्या आजोबांचा विषय निघतो: आडनाव रोझेन्थाल, आले फ्रँकफर्टहून. म्हणजे ज्यू. कुणी आवाज चढवत नाही, कुणी घोषणा देत नाही. मग आचारी म्हणतो, मालक परका असेल, पण परवा बटाट्याच्या सॅलडवरून त्याने मला झापलं. बटाटे कढत असतानाच त्यावर व्हाइट वाइन ओतायला हवी, ती माझ्या हाताखालच्याने ओतली नव्हती, आणि हे त्याला लगेच कळलं. म्हणजे माणूस खानदानी! द्वेष आणि कौतुक एकाच ताटात. द्वेष घराघरांत कसा मुरतो हे इतक्या कमी शब्दांत दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. मालकाचं काम करणारा मार्सेल दालियो स्वतः ज्यू होता. पुढच्याच वर्षी त्याला देश सोडून पळावं लागलं, आणि ज्यू कसा दिसतो हे दाखवायला पॅरिसमधल्या भित्तीपत्रकांवर त्याचाच चेहरा छापला गेला.

‘प्रत्येकाकडे आपापली कारणं असतात’ हे याच सिनेमातलं वाक्य लोक समजूतदारपणाचा दाखला म्हणून वापरतात. सिनेमात ते ज्याच्या तोंडी आहे त्या ऑक्टाव्हला, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या खुद्द रेन्वारला, ही गोष्ट भयंकर वाटते. मलाही वाटते. विरोधी मताच्या माणसाची कारणं मी कळकळीने समजून घेते, पण त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबर ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकदम धरून ठेवणं जड जातं, आणि तेच करत राहायला हवं असं माझं ठाम मत आहे.

रॉकमधलं याचं उदाहरण म्हणजे १९७६. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर ज्याची सगळी कारकीर्द उभी, त्या इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. त्याची गिटार मी आजही ऐकते आणि ते बोलणं विसरत नाही. त्यावर चाहत्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. काहींनी संगीताच्या साप्ताहिकांना खरमरीत पत्र लिहिलं, त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वर्णद्वेषविरोधी चळवळ उभी राहिली, आणि १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात ‘द क्लॅश’ हा पंक बँड आणि ‘स्टील पल्स’ हा रेगे बँड एकाच मंचावर वाजले. पंक आणि रेगे, गोरे आणि काळे श्रोते, एकाच मैदानात.

कुठून सुरुवात करू, असंही विचारता. आधी रेन्वार, मग ‘वन प्लस वन’. पण दुसऱ्याच्या दोन प्रती आहेत, तेवढं तपासून घ्या. गोदारला गाणं अपुरंच ठेवायचं होतं. निर्मात्याने शेवटी पूर्ण झालेलं गाणं जोडलं, आणि लंडनच्या महोत्सवात गोदारने चिडून त्याच्यावर हात उचलला. हात उचलणं चूकच, पण शेवटाबद्दल गोदारचं बरोबर होतं. पूर्ण गाणं ‘बेगर्स बँक्वेट’ या अल्बमवर आहेच, ते केव्हाही ऐकता येईल. सिनेमा बघायचा तर गोदारची प्रत मिळवा.